अनावरणानंतरचे खाते

पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ ब्राँझ पुतळा उभा आहे. त्याच्या शिल्पकौशल्याचे कौतुक सर्वत्र होते. त्यामागील व्यवस्थाही तितकीच अभ्यासण्याजोगी आहे.

कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज आणि ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे हे या स्मारकाचे आधारस्तंभ होते. नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढे सहाच महिन्यांत, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराज निवर्तले. १९२५ मध्ये माधवरावही गेले. तरीही काम थांबले नाही. राजाराम महाराजांनी वडिलांचा संकल्प पुढे नेला. सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांनी पुतळा घडविला. मुंबईत त्याचे ओतकाम झाले आणि ठाणे-कल्याणच्या याच लोहमार्गाने तो पुण्यास गेला. जून १९२८ मध्ये अनावरण झाले.

संकल्प करणाऱ्यांच्या पश्चातही तो सिद्धीस जावा, अशी तजवीज हीच अशा कामाची खरी कसोटी होय. नौपाड्यातील एखाद्या चौकात शिल्प उभारण्याचा विचार कोणी केला, तर प्रारंभ देणगीच्या आकड्याने न करता लेखी कराराने करावा. जागा कोणाची, परवानगी कोणाची, रक्कम कोणत्या टप्प्यावर द्यायची, शिल्पकार किंवा प्रमुख दाता मध्येच न राहिल्यास पुढे काय, हे आधीच ठरावे. थोर व्यक्तीचा पुतळा असेल, तर मातीच्या नमुन्यास कला संचालनालयाची मान्यता लागते. बदल सुचवायचे ते त्याच वेळी. ओतकामानंतरची दुरुस्ती वेळ आणि पैसा दोन्ही खाते.

व्यापारी कुटुंबांना एक अनुभव ठाऊक आहे. प्रतिष्ठेच्या बोलीला उत्साहाचा पूर येतो. साधारण खाते मात्र नेहमी तुटीत असते. चौकातील शिल्पाचेही तसेच आहे. अनावरणाच्या दिवशी हारांची रास पडते. पुढे धूळ, पावसाचे पाणी, पक्ष्यांची विष्ठा आणि बंद पडलेला दिवा यांचा खर्च कोणाच्याही नावावर नसतो. म्हणून एकूण निधीचा काही भाग कायम ठेव म्हणून बाजूला काढावा, तिच्या व्याजातूनच देखभाल व्हावी आणि तिचा हिशेब दरवर्षी सभेपुढे यावा. ज्या दात्याला कोनशिलेवर नाव नको असेल, त्याने हे खाते आपल्याकडे घ्यावे.