दूरचा दिवा

माझे बाबा गलबतावर खलाशी होते. मंगळुरी कौले, नारळ, मीठ असा माल घेऊन मुंबईपर्यंत जायचे आणि वारा देईल तशी परतीची वाट धरायची, यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. आमचे घर मालवणचे. मुंबईहून येताना विजयदुर्ग मागे पडला, देवगड मागे पडले, की काही वेळाने किनाऱ्यावर कुणकेश्वराचे शिखर दिसू लागे. ते दिसले की खलाशांच्या जिवात जीव येई. तेथून घर काही फार दूर नसे.

मी विशीत असतानाची गोष्ट. एका सोयरिकीच्या निमित्ताने बाबांबरोबर देवगडकडे गेलो होतो. परतताना त्यांनी कुणकेश्वराच्या वाळूवर थोडे थांबायचा हट्ट धरला. सांज होत आली होती. देवळात दिवे लागले होते. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, देवळाकडे पाहिले आणि सावकाश क्रुसाची खूण केली.

त्या काळात मी धर्मग्रामातील तरुण मंडळात होतो आणि मुलांना धर्मशिक्षण शिकवीत होतो. मला सारे काही ठाऊक आहे, असे वाटण्याचे ते वय. मी संतापून म्हणालो, "बाबा, हे काय? परक्या देवळासमोर क्रूस काढता? लोक काय म्हणतील?"

ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मी खंय पूजा करतंय? त्या दिव्यान एकदा माका घराक आणल्यान. तेचो उपकार इसरू काय?"

मी पुढे बोललो नाही, पण माझी अढीही गेली नाही. घरी आल्यावर आईजवळ मी त्यांची तक्रारसुद्धा केली. त्यानंतर बाबांनी त्या वाटेने माझ्याबरोबर कधी प्रवास केला नाही. काही वर्षांनी ते वारले. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

पुढे शाळेतील एका सहकाऱ्याबरोबर पुन्हा कुणकेश्वरास जाण्याचा योग आला. ते दर्शनासाठी आत गेले; मी सभामंडपात थांबलो. बाहेर आल्यावर त्यांनी मला या स्थानाची आख्यायिका सांगितली. कोणी एक परदेशी व्यापारी, काही त्याला अरब म्हणतात तर काही इराणी, वादळात सापडला. त्याचे जहाज बुडण्याच्या बेतात असता किनाऱ्यावर त्याला एक दिवा दिसला. जो देव या दिव्याजवळ आहे त्याने मला तारले, तर मी त्याचे देऊळ बांधीन, असे तो बोलला. तो वाचला आणि त्याने शब्द पाळला. पण देऊळ बांधून झाल्यावर, आता आपली माणसे आपल्याला स्वीकारणार नाहीत, या दुःखाने त्याने शिखरावरून खाली उडी घेतली. त्याची म्हणून एक कबर तेथे दाखवितात.

ऐकता ऐकता माझ्या अंगावर काटा आला. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा किती टिकेल, हा प्रश्न त्या क्षणी मला पडलाच नाही. मला दिसली ती बाबांची काढलेली टोपी. त्या कथेत मी कोण होतो, हे मला कळले होते. ज्यांच्या भयाने त्या व्यापाऱ्याने उडी घेतली, त्या "आपल्या माणसांत" मी उभा होतो.

मी सभामंडपात पुन्हा जाऊन बसलो. आपल्या देवळांची रचना मी लहानपणापासून बाहेरून पाहत आलो होतो. त्या दिवशी प्रथमच ती समजून घेऊ लागलो. अंगणात उजेड, सभामंडपात सावली आणि आत गर्भगृहात काळोख. जसजसे आत जावे तसतशी जागा लहान होते, दार ठेंगणे होते, माणसाला वाकावे लागते. बेथलेहेमच्या जन्ममंदिराचे दारही असेच ठेंगणे आहे. तेथेही वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. देवळाचे उंच शिखर असते ते सर्वांत लहान, सर्वांत अंधाऱ्या खोलीवर. बांधणाऱ्यांनी आपल्या श्रद्धेने तसे केले. मला मात्र तेथे गोठ्यातील बाळ आठवले. आपला प्रभू असाच लहान झाला. देवाचे वैभव त्या लहानपणावरच उभे राहिले. "गर्भगृह" हा शब्दही मला पवित्र मरियेजवळ घेऊन गेला.

याचा अर्थ सर्व एकच आहे, असे मी म्हणत नाही. यरुशलेमच्या मंदिरातही परमपवित्रस्थान होते. तेथे वर्षातून एकदा, एकटा प्रमुख याजकच जाऊ शके. प्रभूने क्रुसावर प्राण सोडला तेव्हा मंदिरातील पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे शुभवर्तमान सांगते. आपली श्रद्धा त्या फाटलेल्या पडद्यापाशी उभी आहे. ती सोडून दुसरीकडे काही शोधावे, असे मला कधी वाटले नाही.

पण त्याच यरुशलेमात मंदिराचे समर्पण करताना शलमोनाने परक्यांसाठीही प्रार्थना केली होती. दूर देशाहून कोणी परका येऊन या मंदिराकडे तोंड करून प्रार्थना करील, तेव्हा तू स्वर्गातून ऐक, असे त्याने देवाजवळ मागितले. अथेन्समध्ये संत पौलाने अज्ञात देवाची वेदी पाहिली, तेव्हा तिच्यापासूनच त्याने आपल्या बोलण्याला आरंभ केला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचले; १६१६ साली ते छापून निघाले. प्रभूची कथा सांगण्यासाठी त्यांनी या मातीचाच छंद घेतला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी स्पष्टच केले की, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही. हे मी वाचले होते, इतरांना शिकविलेही होते. बाबांनी ते वाचले नव्हते. ते त्या वाळूवर उभे राहून ते जगले, आणि मी त्यांना अडविले.

त्यांनी क्रुसाची खूण केली होती, यातच सारे आले. उपकार त्यांनी आपल्याच प्रभूचे मानले. दिवा मात्र शेजाऱ्याचा होता, हे ते विसरले नाहीत.

आमच्या चर्चमध्ये पवित्र मंजूषेसमोर अखंड दिवा तेवत असतो. संध्याकाळी रोजारीनंतर सारे घरी गेले की मी थोडा वेळ त्याच्यासमोर बसतो. रस्त्यावरून जाणारा एखादा शेजारी कधी दाराशी क्षणभर थांबतो, हात जोडतो आणि पुढे जातो. त्याला कोणत्या वादळातून या दिव्याने घरी आणले असेल, कोण जाणे. मी त्याला काही विचारीत नाही. बाबांच्या आत्म्यासाठी एक "हे आमच्या स्वर्गीय पित्या" म्हणतो, आणि त्या वाळूवर न मागितलेली क्षमा रोज थोडी थोडी मागतो.