चाकांवरचं घर

माझी नणंद कॅनडात असते. तिथली माणसं गाडीतच गाद्या, शेगडी, पाणी घेऊन दिवसचे दिवस रानावनातून हिंडतात म्हणे. तिने फोनवर हे सांगितलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अशी गाडी असती तर मीसुद्धा लोणार पाहिलं असतं."

सासूबाईंचे गुडघे गेलेले. सारा जन्म खामगावात काढला, पण आपल्याच जिल्ह्यातलं लोणार पाहणं झालं नाही. आणि खरी अडचण गुडघ्यांचीही नव्हे, तर वाटेत 'जायचं' कुठे, ही! प्रवासात आपण बायका पाणी का पीत नाही, ते तुम्हांला सांगायला नको.

भावजींची भाड्याने जाणारी मोठी व्हॅन दोन दिवस मोकळी होती. मागच्या बाकांवर गादी घातली, जुन्या साड्यांचे पडदे शिवले आणि आडोशाला सासूबाईंची कमोडची खुर्ची ठेवली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचे दोन कॅन. झालं आमचं घर!

बुलढाण्याचा रस्ता बोथ्याच्या जंगलातून जातो. तेच ज्ञानगंगा अभयारण्य. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ २०१९ साली हजारावर किलोमीटर चालून इथे पोचला होता. ह्यांनी ते सांगितलं तशा सासूबाई हसल्या. "तो बिचारा घर शोधत आला, आपण घर घेऊनच निघालो!"

चिखली, मेहकर करत संध्याकाळी लोणारला पोचलो. एका लॉजच्या आवारात विचारून गाडीतच झोपलो. सकाळी विवराच्या काठावर गाडी उभी केली. उल्का आदळून काळ्या बसाल्ट खडकात झालेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. तळाशी खारं पाणी, आणि काठाजवळच्या धारेचं मात्र गोडं! सासूबाई कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "इतकं जवळ होतं होय?"

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असं कुणी असेल तर एवढं लक्षात ठेवा. खुर्चीखाली झाकणाची बादली आणि फिनेल हवंच. शेगडी गाडीत पेटवू नका, चहा थर्मासमध्ये न्या. जंगलात चूल मांडू नका, कचरा पिशवीतून परत आणा. आणि म्हाताऱ्या माणसाला पोटभर पाणी पिऊ द्या. सोय असली की ती मागायला लाजत नाहीत.