रोडग्याचा जगरा

भंडाऱ्याला वाढायला पुढे येणारे पुष्कळ असतात. जगऱ्याजवळ, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवाजवळ, बसणारा मात्र गावात एखादाच. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात आमचं गाव; तिथे हे काम माझ्या मोठ्या काकांकडे आहे आणि मी त्यांच्या हाताखाली.

रोडगे म्हणजे कणकेचे गोळे; ते कोळशावर भाजायला काकांचा साफ नकार असतो. बाभळीचा कोळसा फार कडक. वारा लागला की फुलतो, रोडगा वरून करपतो आणि आत कणीक कच्चीच. कुटार मिसळून थापलेली गोवरी सावकाश जळते आणि मागे भरपूर राख ठेवते. खरं काम त्या राखेचं. काका पऱ्हाटीवर गोवऱ्या उभ्या रचतात, मधून हवेला वाट ठेवतात. हाताला दमट लागलेली गोवरी बाजूला काढतात, कारण ती नुसती धुपत राहते.

जाळ असेपर्यंत काका तिकडे बघतही नाहीत, तंबाखू मळत बसतात. पोरं परातीत रोडगे घेऊन ताटकळतात. "घाई कायले करता? इस्तो बसू द्या." जाळ बसला, गोवरी आत लाल आणि वर पांढुरकी झाली, की काठीने फोडून पसरायची. मग वीतभर उंचीवर तळहात धरायचा. लगेच मागे घ्यावा लागला तर थांबायचं. पाच-सहा आकडे मोजेपर्यंत टिकला तर रोडगे ठेवायचे.

आधी ते उघड्या निखाऱ्यांवर, सारखे फिरवत. साल कडक व्हायला हवी, नाहीतर ओल्या कणकेला राख चिकटते. अंगावर तांबूस ठिपके आले की रोडगे फुफाट्यात पुरायचे आणि वरून पुन्हा निखारे ओढायचे. इथून पुढे सगळा खेळ राखेच्या थराचा. थर जाड केला की आतल्या विस्तवाला हवा कमी मिळते, तो मंदावतो. शिवाय राख उष्णता धरून ठेवते. मंदावला असं वाटलं तर थोडी राख काठीने बाजूला करून सुपाने वारा घालायचा. वाऱ्याच्या बाजूला थर जाड, आडोशाच्या बाजूला पातळ. अर्धा-पाऊण तास असाच जातो. या वेळात उकरून बघण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, आणि उकरलं की विस्तवाला हवा लागून तेवढा भाग भडकतो.

पुण्याच्या भाच्याकडे झाकणाची, कोळशाची बार्बेक्यू शेगडी आहे. तीत तो मटण ११० अंश सेल्सियसच्या आसपास कित्येक तास ठेवतो. कोळसा एका बाजूला, मटण दुसऱ्या बाजूला, आणि खालचं हवेचं भोक बोटभर उघडं. भोक कमी केलं तरी आकडा उतरायला दहा-पंधरा मिनिटं जातात, म्हणून पारा फार वर जाऊच द्यायचा नाही, असं तो सांगतो. हे काकांना लगेच पटलं. झाकणाने वारा लागत नाही, हा त्याच्या शेगडीचा फायदा मीही मान्य करतो. आम्ही त्यासाठी देवळाच्या भिंतीचा आडोसा धरतो.

भाच्याने सळईचा थर्मामीटर आणला होता. काका "अजून नाही" म्हणाले तेव्हा रोडग्याच्या पोटात पारा सत्तरीत होता. पुढे काकांनी एकावर काठी टिचकावली, आवाज पोकळ आला, "काढ" म्हणाले. तेव्हा पारा नव्वदीच्या वर गेला होता. रोडगे पोत्यावर ओतून दोघांनी दोन्ही टोकं धरून घोळले, राख झडली. मग फोडून त्यावर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण.

नैवेद्याचा रोडगा मात्र नारळाएवढा असतो. तो या जगऱ्यात चालत नाही. बाकीचे होतात तेव्हा त्याचा गाभा कच्चाच असतो, आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय पंगत बसत नाही. म्हणून काका त्याच्यासाठी वेगळा लहान जगरा तासभर आधीच पेटवतात, आणि त्याच्यावर राख दुप्पट घालतात.