जमाखर्चाची वही

नेतृत्व शिकविता येते काय, हा प्रश्न हल्ली महाविद्यालयांतून पुष्कळदा विचारला जातो. प्राध्यापकांसाठी प्रशिक्षणवर्ग भरतात, व्याख्याने होतात, अखेरीस प्रमाणपत्रे वाटली जातात. आमच्या धार जिल्ह्यातील अशाच एका वर्गात कायद्याविषयी बोलण्यासाठी मला कुक्षीहून बोलावणे आले होते. व्याख्यान संपल्यावर एक तरुण प्राध्यापक म्हणाला, "वकीलसाहेब, सहा वर्षे झाली, ग्रंथालयासाठी कोणती पुस्तके घ्यावीत, एवढेसुद्धा मला कोणी विचारलेले नाही. मग मी नेतृत्व करावे ते कशाचे?" नोकरी सोडण्याचे त्याच्या मनात घोळत होते.

मला पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आठवले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते १८८५ साली काढले. तेथील आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर वीस वर्षे शिकवावयाचे आणि संस्थेचा कारभारही आपणच पाहावयाचा, अशी रीत होती. गोपाळ कृष्ण गोखले तेथे आले तेव्हा जेमतेम विशीचे होते. त्यांनी गणित, इंग्रजी आणि पुढे इतिहास व अर्थशास्त्र हे विषय शिकविले, अंकगणिताचे क्रमिक पुस्तक लिहिले, संस्थेचे चिटणीसपद सांभाळले, इमारतीसाठी वर्गणी गोळा केली. न्यायमूर्ती रानडे यांच्या देखरेखीखाली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन करताना आकड्यांची शिस्त त्यांच्या अंगी बाणली. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे त्यांनी विलायतेत जी साक्ष दिली, तिची पूर्वतयारी या कामांत झाली होती.

ही व्यवस्था निर्दोष होती, असे मात्र नव्हे. बाहेरील प्राप्तीच्या व अन्य प्रश्नांवर मतभेद विकोपास गेले आणि १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. कारभार वाटून घेतला की भांडणेही वाट्यास येतात. तथापि भांडण टाळण्यासाठी तरुणांना कारभारापासूनच दूर ठेवले, तर उद्या तो सांभाळावा कोणी?

आमच्या व्यवसायात ही गोष्ट सर्वमान्य आहे. नवा वकील आधी ज्येष्ठांचे दप्तर उचलतो, मग तारीख मागतो, मग एखादा साक्षीदार तपासतो. कुक्षीच्या न्यायालयात दूरच्या पाड्यावरून आलेला पक्षकार त्याच्याकडे आशेने पाहू लागला, म्हणजे त्याचे खरे शिक्षण सुरू होते.

त्या प्राध्यापकास मी सुचविले की, राजीनाम्याआधी प्राचार्यांकडे एक लहानसे काम लेखी मागून पाहावे. त्याने ग्रंथखरेदीचे काम मागितले. प्राचार्यांनी ते दिले. वर एक ज्येष्ठ सहकारीही मदतीस दिला. पुढे भेटला तेव्हा तो पुस्तकविक्रेत्यांच्या सवलतींची तक्रार करीत होता. राजीनाम्याचे नाव निघाले नाही.

आपल्या देवस्थानांच्या व विद्यार्थी-निधींच्या समित्यांवरही हेच चित्र दिसते. उत्सवात खुर्च्या मांडण्यास तरुण हवे असतात. हिशेबाच्या वेळी त्यांना कोणी बोलावीत नाही. येत्या वार्षिक सभेत एखाद्याच्या हाती जमाखर्चाची वही द्यावी, आणि वर्षभर त्याच्या शेजारी बसून चुकलेले आकडे दुरुस्त करावेत.