खाऱ्या हवेतील सस्पेन्शन

चांगल्या सस्पेन्शनची पहिली अट अशी की स्वार खोगिरावर बसताच, सायकल जागची हलण्यापूर्वीच, ते थोडे दबलेले असले पाहिजे. दणके झेलणारी योजना पूर्ण ताणलेली आणि सज्ज असावी, अशी सामान्य समजूत असते; प्रत्यक्षात मागच्या शॉकची, म्हणजे कोंडलेल्या हवेवर चालणाऱ्या लहानशा नळकांड्याची, २५ ते ३० टक्के हालचाल स्वाराच्या वजनानेच वापरली जावी अशी मांडणी केलेली असते आणि या आगाऊ दबण्याला सायकलस्वार ‘सॅग’ म्हणतात. चाकाला दगडावर चढायचे असते तसे खड्ड्यातही उतरायचे असते, आणि जी स्प्रिंग आधी दबलेलीच नाही तिला खाली पसरायला वाव कोठून मिळणार? चाकाचा जमिनीशी संबंध तुटू नये म्हणून हालचालीतला एक वाटा आधीच खर्चून ठेवण्याची ही कल्पना इतकी देखणी आहे की केवळ तिच्यासाठीही अशा सस्पेन्शनच्या सायकलींकडे नीट पाहावे.

ट्रेल सायकल म्हणजे डोंगरवाटेवर चढायलाही आणि उतरायलाही सारखीच उपयोगी पडावी अशी सायकल. तिचा पुढचा चिमटा आणि मागचे चाक ही दोन्ही साधारण १२० ते १५० मिलिमीटर वरखाली होतात. मागचे चाक १३० मिलिमीटर उचलले जाते तेव्हा शॉक जेमतेम ५० मिलिमीटर दबतो, कारण मधली तरफ त्या हालचालीला अडीच पटींहून अधिक आखडते. म्हणूनच शॉकच्या दांड्यावरची रबरी कडी बसल्यानंतर साधारण १५ मिलिमीटर सरकली तर हवा बरोबर भरली आहे, असे मानतात. त्यासाठी लागणारा हवेचा दाब प्रत्येक स्वाराच्या वजनानुसार बदलतो, आणि म्हणून आधी हवा जुळवून न घेता केलेली चाचणी ही दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचलेल्या पानासारखी असते.

मुंबईच्या किनाऱ्यावरील मढसारख्या ठिकाणी अशी चाचणी घेऊ पाहणाऱ्याच्या वाट्याला तीन प्रकारची जमीन येते. मार्वेकडे जाणारा डांबरी रस्ता पॅडल मारताना सायकल किती हेलकावते ते सांगतो, कारण प्रत्येक दाबाबरोबर मागचा शॉक दबत असेल तर पायांचे श्रम चाकापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत जिरतात. आक्सा किनाऱ्यावरची वाळू मात्र काहीच सांगत नाही. तेथे सस्पेन्शन मुके होते आणि टायरची रुंदी तेवढी कामाला येते. खरी साक्ष देतो तो किनाऱ्यालगतचा खडक. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट सर्वांच्या परिचयाचा आहे, परंतु मढ ते उत्तन या पट्ट्यात सिलिकाचे प्रमाण अधिक असलेला, फिकट रंगाचा रायोलाइट आणि ट्रॅकाइट जातीचा ज्वालामुखीजन्य खडक आढळतो. पोर्तुगीजांनी बांधलेला आणि १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला किल्ला याच किनाऱ्यावर उभा आहे. तो आज हवाई दलाच्या ताब्यात असल्याने आत जाता येत नाही, पण किनाऱ्यावरच्या एखाद्या वितभर उंचीच्या पायरीवरून चाक खाली सोडले तरी पुरे. शॉक दबल्यावर परत उसळतो की सावकाश सावरतो, हे त्या एका उतरण्यात कळते. हा सावरण्याचा गुण ‘डँपिंग’मुळे, म्हणजे बारीक छिद्रांतून ढकलल्या जाणाऱ्या तेलाच्या विरोधामुळे येतो, बाजारात ‘डबल शॉकर’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त सायकलींत बहुधा नुसती स्प्रिंग असते, तेल नसते, त्यामुळे त्या दणका झेलण्याऐवजी उधार घेतात आणि पुढच्याच क्षणी स्वाराला परत करतात.

खऱ्या ट्रेल सायकलीची किंमत भारतात लाखाच्या पुढे जाते, तेव्हा ‘परवडणारी’ हे विशेषण जपूनच वापरावे लागते. या किमतीत गिअरची संख्या पाहून भुलण्यापेक्षा तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक, भरवशाचे टायर आणि परत येण्याचा वेग जुळवता येणारा शॉक या तीन गोष्टी पाहाव्यात. गिअर पुढे बदलता येतात, फ्रेमचे कोन बदलता येत नाहीत.

मढला मात्र किमतीहून मोठा प्रश्न हवेचा आहे. मालाडमार्गे पडणारा लांबचा वळसा टाळण्यासाठी वर्सोव्याहून खाडी ओलांडणाऱ्या होडीत माणसे, मासळीच्या टोपल्या, दुचाकी आणि सायकली एकत्र येतात, आणि पलीकडे उतरले की वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या उंच मांडणीवर, बोंबील सुकत असलेले दिसतात. मासळी सुकवणारा वारा दमट आणि खारा असतो. तो मिठाचे सूक्ष्म कण वाहून आणतो, हे कण हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये पोलादी बोल्ट बसवलेला असेल तर त्या खाऱ्या ओलाव्यातून दोन धातूंमध्ये सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजते व पांढरी भुकटी धरते. साध्या सायकलीत ही झीज डोळ्यांसमोर घडते. फुल सस्पेन्शन सायकलीत मात्र मागचा त्रिकोण सांध्यांवर हलतो, प्रत्येक सांध्यात बेअरिंग असते, आणि बेअरिंगचा गंज करकर ऐकू येईपर्यंत दिसत नाही. कोळी बांधवांना या हवेशी व्यवहार कसा करायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, फळ्यांच्या फटी बुजवल्या जातात, रंग चढतो, इंजिन उघडून पुसले जाते, जाळी विणली जातात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून नव्या हंगामाची सुरुवात होते. देखभालीसाठी वर्षातले दोन महिने राखून ठेवणाऱ्या या गावात सायकलीच्या शॉकचे सील साधारण ५० तासांच्या वापरानंतर साफ करून तेल घालावे, ही सूचना कोणालाच जाचक वाटू नये. खरेदीच्या वेळी एकूण सांधे किती आणि त्यांची बेअरिंग येथे मिळतात का, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे आहे. जायंट कंपनीच्या स्टान्स या मॉडेलात मागच्या चाकाजवळ सांधा न ठेवता फ्रेमच्या नळ्याच किंचित लवतील अशी रचना केली आहे. चिकित्सकांना ती कमी दर्जाची वाटेल, समुद्राकाठी मात्र जितके सांधे कमी तितके बरे.

ग्रीस आणि डोंगरवाट यांचे नाते तर या खेळाच्या जन्मापासूनचे आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी एका खडतर उतारावर शर्यत लावली, ती भंगारातून उचललेल्या, जाड टायरच्या जुन्या सायकलींवर. त्यांचा ब्रेक पॅडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या मध्यभागी लागणारा होता. तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर होई आणि तळाशी पोहोचल्यावर तुंबा उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे, म्हणून त्या उताराला ‘रीपॅक’ हेच नाव पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही त्या मंडळींतली नावे. यांपैकी ब्रीझने पुढच्याच वर्षी खास डोंगरासाठी नवी फ्रेम घडवली. त्या सायकलींना सस्पेन्शन नव्हतेच. पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्सचा आरएस-१ हा चिमटा आला तो १९८९ मध्ये, आणि तोवर दगडधोंड्यांचा भार कोपरांनी व गुडघ्यांनी वाहिला. चाचणीच्या फेरीत खोगिरावर बसून राहणाऱ्या ग्राहकाला आजही सायकलीची अर्धीच ओळख होते. पॅडल समपातळीत ठेवून, गुडघे सैल सोडून उभे राहिले की मगच हँडलपासूनचे अंतर पुरेसे आहे की नाही आणि वजन दोन चाकांत कसे वाटले जाते, ते कळू लागते.