पेटीवरचे वॅट-अवर बघा, आणि ती उचलूनही बघा

घरच्या बॅकअपला जुना इन्व्हर्टर बरा की लिथियमची उचलती पेटी, म्हणजे पॉवर स्टेशन? आमच्या घरात सध्या हाच विषय आहे, म्हणून हिशोब मांडतो.

पेटीवर दोन आकडे असतात. वॅट म्हणजे एका वेळी किती लोड ओढेल, वॅट-अवर म्हणजे किती वेळ पुरेल. १००० वॅट-अवरच्या पेटीतनं हातात ८५० धरा. ९ वॅटचे तीन बल्ब, ३० वॅटचा बीएलडीसी पंखा, १० वॅटचा राऊटर, झाले ६७ वॅट. बारा तास निघतात. पंखा साधा ७५ वॅटचा असला की साडेसात तासांत संपलं. पाच एचपीची मोटर विसराच. चालतानाच तिला पावणेचार हजार वॅट लागतात, उठताना त्याच्या कितीतरी पट.

१५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त पडते, दुरुस्तीलाही जवळ माणूस मिळतो. पण ती टिकवायची तर निम्मीच वापरायची, आणि वजन पन्नास किलोच्या वर. नदीकाठाला खरी अडचण इथंच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५. पुरात लाईट दिवसेंदिवस नसते आणि बोट बोलवायला मोबाईल चालू लागतो. ऍसिडची बॅटरी तेव्हा माळ्यावर कोण चढवणार? बारा-पंधरा किलोची पेटी एकटं माणूस नेतं.

सोलर पॅनेलचं गणित तालुक्यावर आहे. जत, आटपाडी, माण, खटावला ऊन भरपूर. रानातल्या वस्तीवर २०० वॅटचं पॅनेल कामाला येतं. पाटण, महाबळेश्वरला जुलैत सूर्यच दिसत नाही. तिथं आणि पूरपट्ट्यात पॅनेलवर विसंबू नका. कोयनेतून विसर्ग वाढणार अशी बातमी आली की घरच्या लाईटवरच पेटी फुल करून ठेवा.

घेताना लिथियम आयर्न फॉस्फेट आणि प्युअर साइन वेव्ह एवढं बघाच. आणि पेटीची वीज सॉकेटमधनं घरच्या वायरिंगला उलटी कधीच सोडू नका; लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाशी खेळ होतो.

आमचं ठरतंय ते असं: घर उंचावर असेल तर ट्यूब्युलर, काठावर असेल तर पेटी. तुम्ही आधी घरातल्या वस्तूंचे वॅट कागदावर लिहा, मग दुकानात जा.