वर्षभराची वारी

बालमित्रांनो, आधी एक गणित. अंतर १,७०० किलोमीटर, प्रवास ३७७ दिवसांचा. तर रोजचे अंतर किती? साधारण साडेचार किलोमीटर!

हे गणित खरे आहे. ८ जुलै २०१९ रोजी महाराष्ट्रातून ७४ चाकांची एक गाडी निघाली. नाशिकचे एक अवजड यंत्र घेऊन ती केरळात, तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे चालली होती. आषाढी एकादशी चार दिवसांवर आली होती. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर वारकरी तीन आठवड्यांच्या आत पायी चालतात. म्हणजे या गाडीपेक्षा वारकरीच वेगवान! गाडी पोचली १९ जुलै २०२० रोजी.

यंत्राचे नाव ऑटोक्लेव्ह. सत्तर टनांचा प्रेशर कुकरच म्हणा ना! अग्निबाणाचे हलके पण मजबूत भाग घडवताना राळेत भिजवलेल्या तंतूंचे थर रचतात आणि अशा बंद भांड्यात उष्णता व दाब देऊन पक्के करतात.

आमच्या घरी लगेच प्रश्न आला, "मग तुकडे करून का नाही नेले?" दाब सोसणारे भांडे कापून पुन्हा जोडणे सोपे नसते. प्रत्येक सांधा तेवढाच भक्कम हवा. म्हणून ते अखंडच न्यावे लागले. आणि चाके इतकी का? रस्त्याला एकूण वजनापेक्षा एकेका आसावरचा भार जास्त जाणवतो. वजन जितक्या चाकांवर वाटावे, तितका रस्ता वाचतो.

तरीही वाटेत कुठे रस्ता दुरुस्त करावा लागला, कुठे पूल बळकट करावा लागला. झाडे तोडावी लागली, विजेच्या तारा उतरवाव्या लागल्या. त्यातच २०२० ची टाळेबंदी आली आणि गाडी मध्येच अडकली.

आपल्या पॉइंट कुकजवळच्या प्रिन्सेस फ्रीवेवरून मोठा बोजा जातो, तेव्हाही परवाना काढून मार्ग आधी ठरवलेला असतो. पिवळे दिवे लावलेली सोबतची गाडी म्हणजे जणू पालखीचा चोपदारच!

आम्ही संगणकावर काम करणारी माणसे. कळ दाबली की आमचे काम क्षणात सातासमुद्रापार जाते. त्यासाठी कोणाला वाटेतली तार उतरवावी लागत नाही. म्हणूनच या गाडीची हकिगत आम्हांला मुलांना सांगावीशी वाटली. अग्निबाण काही मिनिटांत अंतराळात पोचतो आणि सारे जग टाळ्या वाजवते. त्याच्या कारखान्यातले एक यंत्र रोज साडेचार किलोमीटर पुढे नेणाऱ्यांसाठी मात्र कोणी उलटी मोजणी करत नाही.

गाडीबरोबर ३२ जणांचा ताफा होता. या रविवारी आजी-आजोबांना फोन कराल तेव्हा त्यांना ही गोष्ट सांगा, आणि आकडे मराठीतच म्हणा: सत्तर टन, चौऱ्याहत्तर चाके, तीनशे सत्त्याहत्तर दिवस. एखादा आकडा चुकला तरी चालेल. पण बत्तीस माणसे विसरू नका.